नमुन्याचे चार भाग

नाशिकहून दिंडोरीमार्गे उत्तरेकडे सुमारे ४० किलोमीटर गेले म्हणजे वणी हे गाव लागते. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडाकडे निघालेल्या यात्रेकरूंची रीघ याच गावावरून जाते. एरवी द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांच्या हंगामाप्रमाणे येथील वर्दळ वाढते नि ओसरते. आठवड्याच्या बाजाराला भोवतालच्या खेड्यांतून आणि डोंगरातील आदिवासी पाड्यांवरून माणसे येतात. ही माणसे मोठी पारखी असतात. धान्य घेण्यापूर्वी ती मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारून पाहतात. वांगे दाबून, मेथीची जुडी उलगडून, कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहतात. मडके घेताना तर टिचकी मारून त्याचा नाद ऐकल्याशिवाय कोणी पैसे काढीत नाही. आणि त्याबद्दल कुंभारालाही राग येत नाही.

हाच मनुष्य बाजार आटोपून औषधांच्या दुकानापाशी थांबला, की त्याची सारी पारख तेथे थिटी पडते. दुकानदाराने हाती दिलेली गोळी पांढरी आहे, एवढेच त्याला दिसते. परंतु खडूची गोळीही पांढरीच असते. चव कडू लागली म्हणून औषध अस्सल, असे म्हणता येत नाही. आणि बाटलीतील औषध गोड लागले म्हणून ते निरुपद्रवी, असे तर मुळीच म्हणता येत नाही. शिवाय औषध घेणारा बहुधा चिंतेत असतो. घरी मूल तापाने फणफणलेले असते, गावी परतण्याची शेवटची गाडी सुटण्याच्या बेतात असते. औषधाने गुण आला नाही, तर रोगच बळावला की औषध हलके निघाले, याचा उलगडा त्याला कधीच होत नाही. मडके गळले तर ते दुसऱ्या दिवशी कळते. औषध गळके निघाले, तर ते कळेपर्यंत कदाचित फार उशीर झालेला असतो.

म्हणून ही पारख गिऱ्हाइकाच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. ती कोणी करावी, कशी करावी आणि करताना दुकानदारावर अन्याय कसा होऊ देऊ नये, हे ठरविण्यासाठी एक स्वतंत्र कायदा झाला आहे.

शंभर वर्षांपूर्वी भारतात असा सर्वव्यापी कायदा नव्हता. परदेशांतून औषधे येत, काही येथेही तयार होत आणि कोणीही ती विकू शके. हिवतापावरील क्विनाइनसारखे नित्याचे औषधही निर्भेळ मिळेल याची शाश्वती नसे. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेट या तेव्हाच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात औषधांवर नियंत्रण असावे असा ठराव झाला. त्यानंतर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक चौकशी समिती नेमली. समितीने १९३१ साली आपला अहवाल दिला. परंतु कायदा व्हायला १९४० साल उजाडले, त्याखालील नियम १९४५ साली आले आणि औषध देणाऱ्याचे शिक्षण व नोंदणी यांविषयीचा फार्मसी कायदा १९४८ साली झाला. सरकारी कामाला वेळ लागतो हे खरे; पण येथे लागलेला वेळ ज्यांना बाधला, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

या कायद्याच्या दृष्टीने औषधांचे दुकान हे इतर दुकानांसारखे दुकान नव्हे. लोक त्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. तेथे किराणा दुकानाप्रमाणे फळ्या असतात, काउंटर असतो, गल्ला असतो. परंतु किराणा मालाच्या दुकानात मालकाचा पाच वर्षांचा अनुभव पुरतो. येथे तो पुरत नाही. औषधशास्त्राचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेला आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंद असलेला औषधनिर्माता, म्हणजेच फार्मासिस्ट, दुकानात हजर असावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. दुकानाची जागा निदान १० चौरस मीटर असली पाहिजे. परवाना पेटीत कुलूपबंद न ठेवता येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल असा भिंतीवर लावला पाहिजे. मधुमेही रुग्णांना लागणारे इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. म्हणून शीतकपाट हवे, आणि ते चालू हवे. उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते त्या गावी ही अट पाळणे सोपे नसते. इन्सुलिन तापले तर बिघडते, गोठले तरीही बिघडते, आणि बिघडल्याची खूण बाटलीवर बहुधा उमटत नाही.

या सर्व गोष्टी पाहण्याचे काम औषधनिरीक्षकाचे. तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी असतो. दुकानात केव्हाही जाऊन तपासणी करण्याचा अधिकार त्याला कायद्याच्या २२ व्या कलमाने दिला आहे. तो आगाऊ वर्दी देऊन येत नाही. तशी वर्दी दिली तर पाहण्यासारखे काही उरणारच नाही.

निरीक्षक दुकानात आला म्हणजे आधी फळ्यांकडे पाहत असेल, असे कोणासही वाटेल. पण अनुभवी निरीक्षक आधी कागदांकडे वळतो. दुकानदाराने माल कोणत्या ठोक व्यापाऱ्याकडून घेतला, केव्हा घेतला, किती घेतला, याची बिले तो मागतो. मग विक्रीच्या पावत्यांच्या प्रती पाहतो. समजा, एखाद्या औषधाच्या १०० पट्ट्या खरेदीच्या बिलावर आहेत आणि विक्रीच्या पावत्यांवर ६० आहेत. तर फळीवर ४० पट्ट्या असल्याच पाहिजेत. ३० निघाल्या तर दहा पट्ट्या पावतीवाचून गेल्या. ५० निघाल्या तर दहा पट्ट्या कोठून आल्या, हा प्रश्न त्याहून गंभीर. बिलाशिवाय आलेला माल म्हणजे ज्याला आईबाप नाहीत असा माल. तो कोणत्या कारखान्यात तयार झाला, कोणत्या उन्हात पडून राहिला, कोणाच्या हातून आला, यांपैकी काहीच सांगता येत नाही.

नंतर तो औषधांवरील मजकूर वाचतो. प्रत्येक पट्टीवर आणि बाटलीवर औषधाचे नाव, बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, त्याच्या परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि मुदत छापलेली असते. मुदतीचा नुसता महिना व वर्ष दिले असेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. त्यानंतर ते विकता येत नाही. मुदत सरलेला माल दुकानदाराला विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवावा लागतो. तो इतर मालात मिसळलेला आढळला, तर ‘चुकून राहिला’ हे उत्तर निरीक्षक ऐकून घेतो. पण लिहूनही घेतो.

काही औषधांच्या वेष्टनावर तांबडी रेघ असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता येत नाहीत. त्यांतील कित्येक जंतुनाशक औषधे, म्हणजे अँटिबायोटिक्स, असतात. ती वाटेल त्याने वाटेल तेव्हा घेतली, तर जंतू त्यांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. म्हणून २०१३ साली अशी ४६ औषधे निवडून त्यांची एक वेगळी यादी करण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. या यादीतील औषध देताना डॉक्टराचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण हे सारे एका स्वतंत्र वहीत लिहावे लागते, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. चिठ्ठीवरील औषध दुकानात नसेल, तर त्याऐवजी ‘हेही तसेच आहे’ म्हणून दुसरे औषध परस्पर देण्याचीही मुभा दुकानदारास नाही.

तपासणी संपली, की जे दिसले ते निरीक्षक दुकानातील तपासणी-वहीत नोंदवितो. ही वही दुकानदारापाशीच राहते. पुढच्या खेपेला दुसरा निरीक्षक आला, तरी मागच्याने काय दोष दाखविले होते आणि ते दूर झाले की नाही, हे त्याला पहिल्याच पानावरून कळू लागते.

परंतु कागद चोख, शीतकपाट थंड आणि फार्मासिस्ट हजर असला, तरी गोळीच्या आत काय आहे, हा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. निरीक्षकालाही डोळ्यांनी ते दिसत नाही. यासाठी तो नमुना घेतो. नमुना घेण्याची पद्धत कायद्याच्या २३ व्या कलमात घालून दिली आहे आणि ती बारकाईने समजून घेण्याजोगी आहे.

निरीक्षक नमुना फुकट उचलीत नाही. तो औषधाची वाजवी किंमत दुकानदारापुढे ठेवतो. कशासाठी नमुना घेतला, हे तो दुकानदारास लेखी कळवितो. मग त्या दुकानदाराच्या समक्ष तो नमुन्याचे चार भाग करतो आणि प्रत्येक भागावर सील लावून खूण करतो. दुकानदारालाही त्यावर आपले सील वा आपली खूण उमटविता येते. फोडल्याने बिघडेल असे औषध असेल, तर ते न फोडता त्याच्या तितक्या बंद बाटल्या किंवा पट्ट्या घेतल्या जातात.

चारच भाग का? एक भाग तेथल्या तेथे दुकानदाराला परत मिळतो. दुसरा सरकारी विश्लेषकाकडे प्रयोगशाळेत जातो. तिसरा न्यायालयासाठी राखून ठेवला जातो. चौथा, दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतल्याचे सांगितले असेल त्याच्याकडे पाठविला जातो. या वाटणीत मोठा विचार आहे. उद्या विश्लेषक म्हणाला, ‘औषध वाईट आहे,’ तर दुकानदाराला म्हणता आले पाहिजे, ‘तुम्ही तपासले ते माझे औषधच नव्हे, वाटेत कोणीतरी बदलले.’ तसे तो म्हणालाच, तर त्याच्यापाशी त्याच्याच खुणेचा एक भाग आहे आणि न्यायालयापाशी दुसरा. अहवाल हाती आल्यापासून २८ दिवसांच्या आत त्याने लेखी हरकत घेतली, तर न्यायालयाकडील भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो, आणि तिचा निर्णय अखेरचा मानला जातो. ज्याच्यावर आरोप येण्याचा संभव आहे, त्याच्याच हाती पुराव्याचा एक वाटा आधीच देऊन ठेवणारा हा कायदा आहे.

राज्याच्या औषध प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथे नमुना पोहोचला, की ‘भारतीय फार्माकोपिया’ या ग्रंथातील कसोट्या त्याला लावल्या जातात. १९५५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात प्रत्येक औषध कसे असावे हे ठरवून दिलेले असते. उदाहरणार्थ, तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी घ्या. वेष्टनावर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर गोळीत प्रत्यक्ष औषध ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम, भरले पाहिजे. तेवढे भरले तरी काम संपत नाही. गोळी पाण्यात ठरावीक वेळात विरघळली पाहिजे. पोटात तशीच दगडासारखी पडून राहणारी गोळी, तिच्यात औषध पुरेपूर असले तरी, रोग्याला काय उपयोगाची?

एक शंका येथे सहज मनात येईल. वणीच्या दुकानात एक वाईट बाटली सापडली, ती बाजूला काढली. पण त्याच कारखान्यात, त्याच दिवशी, त्याच पिंपातून भरलेल्या हजारो बाटल्या दुसऱ्या गावी गेलेल्या असतील, त्यांचे काय? बॅच नंबराचा आणि बिलांचा खरा उपयोग येथे कळतो. हे १९३७ साली अमेरिकेत जे घडले त्यावरून फार स्पष्ट होते.

त्या काळी सल्फानिलामाइड हे नवे औषध घशाच्या रोगावर गुणकारी ठरले होते. ते गोळीच्या व पुडीच्या रूपात मिळे. मुलांना ते घेणे जड जाई. टेनेसी संस्थानातील एका कंपनीच्या रसायनज्ञाने त्याचे पातळ औषध बनविण्यासाठी ते डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळविले. औषधाचा रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. ते विषारी आहे की काय, एवढे मात्र कोणी पाहिले नाही. तसे पाहण्याचे बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हते. हा द्रव मूत्रपिंडे निकामी करतो. २४० गॅलन, म्हणजे सुमारे ९०० लिटर औषध तयार होऊन देशभर गेले आणि शंभरावर माणसे मृत्यू पावली. त्यांत ३४ मुले होती.

बातमी कळताच तेथील अन्न व औषध खात्याने आपले जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे २३९, निरीक्षक व रसायनज्ञ या शोधावर पाठविले. कंपनीची बिले पाहून ते ठोक व्यापाऱ्यांकडे गेले, व्यापाऱ्यांच्या वह्यांवरून दुकानांत गेले, दुकानांतील चिठ्ठ्यांवरून घराघरांत गेले. जेथे नोंद होती तेथे बाटली सापडली. जेथे नोंद नव्हती तेथे दुकानदाराच्या आठवणीवर विसंबून शेजारपाजार पालथा घालावा लागला. एक कुटुंब औषध घेऊन डोंगराळ मुलखात राहावयास गेले होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाचा शोध घेण्यासाठी एका डॉक्टराने आपले लग्न पुढे ढकलले. अखेर २४० पैकी २३४ गॅलनांहून थोडे अधिक औषध परत मिळविण्यात यश आले. उरलेले सुमारे २२ लिटर माणसांच्या पोटात गेलेले होते. आणि आश्चर्य असे, की कंपनीवर ठेवता आलेला दोष विषाचा नव्हताच. तिने औषधाला ‘एलिक्झिर’ म्हटले होते. त्या नावाच्या औषधात मद्यार्क असावा लागे आणि यात तो नव्हता. खोटे नाव दिल्याच्या त्या एका दोषावर माल जप्त करता आला. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, तेथील कायदा बदलण्यात आला.

दूरदेशची आणि जुनी गोष्ट म्हणून ती बाजूला ठेवता येत नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूवरील सूज किंवा डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून ते ग्लिसरीन देण्यात आले होते. त्यात तोच डायएथिलीन ग्लायकॉल निघाला. चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाने रुग्णालयाच्या औषधखरेदीवर ठपका ठेवला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. औषधांची राखण करणे हेच ज्यांचे काम होते, त्या अन्न व औषध प्रशासनातील अधिकाऱ्यांच्या वर्तनावरही त्याने कठोर शब्दांत ताशेरे ओढले. राखणदारच डुलकी घेऊ लागला तर कुंपण कितीही उंच असो, त्याचा उपयोग नाही. तपासणी करणाऱ्याचीही तपासणी व्हावी लागते, हे त्या १४ मृत्यूंनंतर महाराष्ट्राला कळले.

आणि २०२५ साली तेच विष पुन्हा आले. नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. ‘कोल्ड्रिफ’ नावाचे ते औषध तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेले होते. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्याचा नमुना तपासला, तेव्हा ज्याचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही, तो डायएथिलीन ग्लायकॉल त्यात ४८.६ टक्के निघाला. जवळजवळ अर्धी बाटली विषाची! त्या ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानदारांना व नागरिकांना आवाहन केले, की या औषधाची एसआर-१३ या बॅचची बाटली कोणापाशी असेल तर तिचा वापर व विक्री ताबडतोब थांबवून तसे कळवावे. असा हुकूम येतो, तेव्हा ज्या दुकानदाराची बिले लावलेली असतात, तो दहा मिनिटांत सांगू शकतो, ‘माझ्याकडे या बॅचचा माल आलाच नाही,’ किंवा ‘आला होता, इतका उरला आहे आणि उरलेला अमक्या अमक्याला दिला आहे.’ ज्याने विक्री करताना पावत्याच केल्या नाहीत, त्याला बाजाराच्या दिवशी आलेले पन्नास चेहरे आठवीत बसावे लागते. आणि पाड्यावर परतलेल्या त्या मनुष्याला निरोप कोण देणार?

हे सर्व असूनही तपासणी ही दुकानदारांना नकोशी वाटते, याचे नवल नाही. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे हे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना ‘फार्मासिस्ट हजर नाही तर औषधविक्री नाही, चिठ्ठी नाही तर तांबड्या रेघेचे औषध नाही, पावतीवाचून विक्री नाही,’ या जुन्याच नियमांची कसोशीने अंमलबजावणी सुरू झाली. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला; दुकाने बंद ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे नाही. लहान गावात दिवसभर दुकानात बसणारा फार्मासिस्ट मिळणे कठीण, तो जेवावयास गेला तेवढ्यात तपासणी झाली तर काय, गावात डॉक्टरच नसेल तर गिऱ्हाइकाने चिठ्ठी आणावी कोठून, हे त्यांचे प्रश्न खरे होते. मात्र या प्रश्नांचे उत्तर अधिक फार्मासिस्ट आणि अधिक डॉक्टर हे आहे. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र टांगून काउंटरमागे दुसऱ्यानेच उभे राहणे हे नव्हे.

शिवाय कायद्याने प्रामाणिक दुकानदाराला एक भक्कम ढाल दिली आहे, तिचा पुष्कळांना विसर पडतो. औषध वाईट निघाले, पण ते परवानाधारकाकडूनच रीतसर घेतले होते, योग्य काळजी घेऊनही त्यातील दोष कळणे शक्य नव्हते आणि दुकानात ते जसे आले तसेच नीट ठेवले होते, एवढे दुकानदाराला सिद्ध करता आले, तर तो दोषी ठरत नाही. दोष बनविणाऱ्याकडे जातो. हे सिद्ध करावयाचे कशाने? त्याच खरेदीच्या बिलांनी आणि त्याच चालू शीतकपाटाने. निरीक्षक ज्या कागदांसाठी दुकानदाराच्या मागे लागतो, तेच कागद उद्या दुकानदाराच्या बाजूने साक्ष देतात.

गिऱ्हाइकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. पट्टीतील दोनच गोळ्या हव्या असतील, तर मुदत आणि बॅच नंबर छापलेले टोक शिल्लक राहील अशा बेताने दुकानदाराने ती कापली पाहिजे, आणि आपल्याला मिळालेल्या तुकड्यावर काहीच छापलेले नसेल तर ते पावतीवर लिहून मागितले पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर एक चौकोनी सांकेतिक खूण, म्हणजे क्यूआर कोड किंवा बारकोड, छापणे बंधनकारक झाले आहे. मोबाइलने ती वाचली, की औषधाचे नाव, बनविणारा, बॅच नंबर व मुदत डोळ्यांपुढे येतात. परंतु खूण वाचता आली म्हणजे गोळी चांगली, असे मात्र नव्हे. कागदावर जे छापले आहे तेवढेच ती सांगते.

गोळीच्या आत काय आहे हे पाहण्याचा मार्ग गिऱ्हाइकालाही मोकळा आहे, आणि तो कायद्याच्या २६ व्या कलमात सांगितला आहे. औषध विकत घेतलेल्या कोणाही मनुष्यास, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेस, विहित नमुन्यात अर्ज करून आणि ठरावीक शुल्क भरून ते औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. त्यासाठी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. वणीच्या बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या मनुष्याला हा अधिकार ठाऊक असतोच असे नाही. शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलाने तो त्याला सांगावयास हरकत नाही. विश्लेषक आपल्या सहीचा अहवाल अर्जदारास पाठवितो. मात्र हे औषध कोणत्या दुकानातून आणि कोणत्या दिवशी घेतले, हे सांगता आले पाहिजे; म्हणून दुकानाची पावती आणि पट्टीचा उरलेला तुकडा औषध संपेपर्यंत तरी घरात ठेवलेला असावा लागतो.